शिष्यवृत्ती मिळाली, खोलीचं काय? : बडोद्यात शिकायला येणाऱ्यांसाठी

जून उजाडला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरचा फोन खानदेशी बोलायला लागतो. धुळ्याची मामेबहीण, नंदुरबारचे दीर, जळगावच्या शेजारणीचा जावई. प्रश्न ठरलेला असतो, "पोरीला बडोद्याला ॲडमिशन मिळतेय, कसं आहे तिकडे?" पूर्वी मी "छान आहे, पाठवा बिनधास्त" एवढं सांगून मोकळी व्हायचे. मग एका वर्षी एक भाचा ऑगस्टातच सामान बांधून परत गेला. मार्क चांगले होते, फी भरलेली होती, शिष्यवृत्तीचा अर्जही गेला होता. खोली मात्र मिळाली नव्हती आणि वर्गात बोलायला माणूस मिळाला नव्हता. तेव्हापासून फोनवर म्हणते, "वही घ्या, लिहून घ्या."

ही ती वही.

सयाजीराव विद्यापीठ हे नाना ठिकाणच्या मुलांचं गाव आहे. १८८१ साली बडोदा कॉलेज निघालं, १९४९ साली विद्यापीठ झालं, आणि पहिल्या कुलगुरू म्हणून हंसा मेहता आल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात नुसता पुरुषांचा उल्लेख नको, 'सर्व मानव' म्हणा, असा आग्रह संयुक्त राष्ट्रांत धरणाऱ्या त्या याच बाई. आजही विद्यापीठाच्या मोठ्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे. ईशान्येकडची, केरळातली, बिहारची, आफ्रिकेतली मुलं इथे दिसतात आणि शिकवण्याचं अधिकृत माध्यम इंग्रजी असल्यामुळे बाहेरच्याला दार उघडं वाटतं.

बडोद्याची दुसरी गोष्टही येणाऱ्याला माहीत हवी. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारानुसार १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला परत आले, तर या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले. त्या दिवशी ते कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बागेतली ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. स्टेशनपासून ती फार लांब नाही. नव्या मुलांना मी तिथे आधी नेते, सूरसागर तलाव मग.

शिष्यवृत्ती देणारा हात आणि खोली नाकारणारा हात एकाच शहराचे होते. आज विद्यापीठात समान संधी कक्ष आहेत, समित्या आहेत, हेल्पलाइनी आहेत. त्यातलं काय, कधी आणि कोणत्या कागदावर मागायचं, हे ज्याला कळलं त्याचाच निभाव लागतो.

निघण्याआधीची फाईल

गुजरात राज्याच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश २०२४ पासून 'जीकास' नावाच्या एकाच पोर्टलवरून होतात. फॉर्म भरणं सोपं आहे, फाईल जमवणं अवघड. महाराष्ट्र बोर्डातून बारावी झालेल्यांनी बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आधी काढावं. ते "नंतर देतो" म्हणून राहतं आणि नोव्हेंबरात एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची नोंद, अडकते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, उत्पन्नाचा दाखला, आधार, बारा फोटो, आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. दाखले मराठीत असतील तर इंग्रजी प्रत सोबत ठेवा. इथला क्लार्क मराठी वाचेलही, आडनाव बघितलंत तर कदाचित तो गायकवाडांच्या काळापासूनचा मराठीच निघेल, पण त्याच्या वरच्या टेबलाची खात्री नाही.

आता जातीच्या दाखल्याचं. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सावकाश वाचा.

गुजरातच्या सरकारी विद्यापीठात राखीव जागा गुजरातच्या यादीप्रमाणे असतात. अनुसूचित जातींना ७ टक्के, जमातींना १५ टक्के, सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गाला २७ टक्के. महाराष्ट्रातला दाखला असलेल्या मुलाला या जागांवर हक्क सांगता येत नाही, त्याची जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरीही. नंदुरबारचा भिल्ल मुलगा दाहोदच्या भिल्ल मुलाशेजारी बसतो, भाषा जवळपास सारखी, पण कागदावर हा खुल्या प्रवर्गात. अन्याय वाटतो, मलाही वाटतो. तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ च्या निकालांत हे स्पष्ट केलेलं आहे आणि काउंटरवर वाद घालून ते बदलणार नाही.

बडोद्यातच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं वेगळं आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांना कुटुंब कुठे कायम राहत होतं, त्यावर कोणतं राज्य ते ठरतं. आजोबा संस्थानाच्या नोकरीत असतील, तर त्यांचा शाळेचा दाखला, भाडेपावती, सेवापुस्तकाचं पान, काहीही जुनं शोधा. आमच्या ओळखीतल्या एका घरी हा पुरावा देवघरातल्या पोथीत घडी घालून ठेवलेला सापडला. पंजोबांच्या पगाराची पावती. पोथी कुणी उघडली नसती तर पोरगं खुल्या प्रवर्गातून धडपडत बसलं असतं.

आणि एक गोष्ट जी फोनवर कुणीच विचारत नाही : बडोद्यात केंद्र सरकारचं विद्यापीठही आहे. लालबागचं गतिशक्ती विश्वविद्यालय. अशा केंद्रीय संस्थेत आरक्षण केंद्राच्या प्रमाणात, म्हणजे अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना १० टक्के, आणि तिथे महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती-जमातीचा दाखला चालतो. फक्त तो केंद्राच्या नमुन्यात काढून आणावा लागतो. ओबीसींनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघावं. नॉन-क्रीमीलेअरचा कागद ताजा हवा.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत आणा. पेपरला लेखनिक हवा असेल किंवा तासाला २० मिनिटं जादा वेळ हवा असेल, तर सत्र सुरू होताच अर्ज द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिलेला अर्ज कुणालाच नको असतो.

छप्पर

विद्यापीठाच्या वसतिगृहांना इथे 'हॉल' म्हणतात. जागा मोजक्या. प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशीच हॉलचा फॉर्म भरा, त्यासाठी दुसऱ्या खेपेची वाट बघू नका. फॉर्मवर लोकल गार्डियनचं नाव लागतं. इथे नात्यातलं कुणी नसेल तर आईवडिलांच्या ओळखीतलं बडोद्याचं एखादं घर आधीच शोधून ठेवा, आणि त्या घरच्यांना विचारून नाव घाला. माझं नाव न विचारता तीन फॉर्मवर गेलं होतं. रात्री साडेअकराला वॉर्डनचा फोन आल्यावर कळलं की मी कुणाची तरी मावशी आहे.

हॉल नाही मिळाला तर पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट. फतेगंज, प्रतापगंज, निझामपुरा, समा या भागांत विद्यार्थी जास्त. फतेगंजातून चालत वर्गात जाता येतं, म्हणून भाडंही चढं. खोली बघायला गेलात की घरमालक एक प्रश्न विचारील : "तमे केवा?" मराठी कानाला वाटतं की "तुम्ही कसे आहात" असं विचारलं, आणि आमचा एक बिचारा "मजेत" म्हणाला होता. प्रश्न जातीचा असतो.

काय उत्तर द्यायचं? मी मुलांना सांगते, "विद्यार्थी, दुसऱ्या मजल्यावरचा" असं हसून म्हणा आणि पुढे भाड्याचं बोला. अनेकदा चालून जातं. जिथे नाही चालत तिथे राहू नका. खोलीसाठी नाव लपवायची वेळ आली तर ती खोली वर्षभर तुमच्या छातीवर बसेल. आडनावावरून, धर्मावरून, ईशान्येकडचा चेहरा किंवा काळा रंग बघून खोली नाकारणं हे आजही होतं, आणि आपल्या मराठी घरांतही होतं. हे लिहिलं नाही तर वही खोटी होईल.

अटी लेखी घ्या. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट किती आणि सोडताना किती दिवसांत परत, रात्री किती वाजता दार बंद, अंडं चालतं का. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. कित्येक सोसायट्यांत मांसाहार अजिबात चालत नाही आणि महिनाभराने डब्याचा वास आल्यावर भांडण्यापेक्षा पहिल्या दिवशी विचारलेलं बरं.

घरमालकांसाठीही दोन ओळी, कारण हे वाचणाऱ्यांत कारेलीबागेतले, वाडीतले काकाही असणार. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची. विद्यार्थी परदेशी असेल तर 'फॉर्म सी' तो आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा. दहा मिनिटांचं काम आहे. ते त्रासाचं वाटतं म्हणून परदेशी मुलांना खोली नाकारणारे बघितलेत, आणि फॉर्म न भरता ठेवून घेऊन नंतर दोघांनाही अडचणीत आणणारेही.

परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर त्याने आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात ऑनलाइन नोंद करायची असते. त्यासाठी विद्यापीठाचं बोनाफाईड लागतं आणि राहण्याचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा खोली. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं कार्यालय यात मदत करतं, शिष्यवृत्तीवर आलेल्यांना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचं अहमदाबादचं कार्यालयही. पण वर्गमित्राने पहिल्या आठवड्यात "तुझी नोंदणी झाली का रे?" एवढं विचारलं तर त्या मुलाचे दोन हेलपाटे वाचतात.

पहिले तीन आठवडे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून 'दीक्षारंभ' नावाचा परिचय-कार्यक्रम सुचवलेला आहे. कुठे तो मन लावून होतो, कुठे दोन भाषणं आणि चहा-बिस्किटावर उरकतो. भाषणं कंटाळवाणी असली तरी जा. तिथे तुम्हाला तीन माणसं गाठायची आहेत : आपल्या विभागातला एक असा शिक्षक जो नाव विचारतो, एक वरच्या वर्षाचा विद्यार्थी जो आपल्यासारखाच बाहेरून आलाय, आणि ऑफिसातला एक क्लार्क. क्लार्कला कमी लेखू नका. कुलगुरू बदलतात, क्लार्क राहतो.

माध्यम इंग्रजी असलं तरी समजावून सांगताना शिक्षक गुजरातीत घसरतात, विनोद तर नक्कीच गुजरातीत होतो. सगळे हसतात आणि तुम्ही हसणाऱ्यांकडे बघत बसता. बाहेरून आलेल्या पोराला एकटं पाडतो तो हाच क्षण, अभ्यासक्रम नव्हे. उपाय दोन. एक, तास संपल्यावर शिक्षकांकडे जाऊन शांतपणे सांगा की गुजराती अजून येत नाही, मुख्य मुद्दे इंग्रजीतही सांगाल का. बहुतेक जण सांगतात, उलट त्यांना ओशाळं वाटतं. दुसरा उपाय, गुजराती शिका.

मराठी माणसाला गुजराती लिपी एका रविवारात येते. शिरोरेषा पुसून टाकलेली देवनागरी समजा. ख, च, ज, झ, फ, ब अशी थोडी अक्षरं वेगळी, ती बसच्या पाट्यांवर पाठ होतात. बोलताना मात्र सारखे दिसणारे शब्द दगा देतात. पहिल्या वर्षाला आलेल्या आमच्या एका भाचीला वर्गातल्या मुलाने विचारलं, "तुं नवरी छे?" ती लाल होऊन उठून गेली. तो फक्त "मोकळी आहेस का" एवढंच विचारत होता, प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी. वर्षभर वर्गाने दोघांना सोडलं नाही. पण गंमत अशी की त्या हसण्यातच ती वर्गाची झाली.

मराठी सोडायची गरज नाही. कला शाखेत मराठी विभाग आहे, पदवीला विषय घेता येतो. बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद जुनी संस्था आहे, २०१८ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन तिनेच इथे भरवलं होतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं मिळतात. फक्त मराठी मुलांच्याच टोळक्यात तीन वर्षं काढलीत तर मात्र पुण्यालाच राहायला हवं होतं, एवढंच म्हणेन. आमची बडोद्याची मराठी पण ऐका, "चालेल" म्हणण्याआधी आमच्या तोंडून "चालशे" निघतं. पुण्याची मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत.

पैसे

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असलेल्यांना आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्यांना केंद्राची एक योजना पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये देते. फॉर्म भरणारे कमी असतात, कारण ती कुठल्या प्रवर्गाची नाही म्हणून कुणी शोधतच नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नमर्यादा अडीच लाख, ही ज्या राज्याचे तुम्ही रहिवासी त्या राज्याने द्यायची असते. म्हणजे महाराष्ट्रातला विद्यार्थी गुजरातेत शिकत असला तरी अर्ज महाराष्ट्राकडे, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. आरक्षण इथे मिळत नाही, शिष्यवृत्ती तिकडून मिळते. हा फरक न कळल्यामुळे पालक एकाच उत्तरात दोन्ही सोडून देतात. इथल्या रहिवाशांसाठी डिजिटल गुजरात पोर्टल, आणि ८० पर्सेंटाइलच्या वर असून उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना.

"मराठी म्हणून आपण इथे अल्पसंख्याक ना, मग काही मिळत नाही का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. घटनेत भाषिक अल्पसंख्याकांसाठी कलम ३५०-ब प्रमाणे विशेष अधिकारी आहे, पण अल्पसंख्याकांच्या नावाने निघालेल्या केंद्राच्या शिष्यवृत्त्या सहा धर्मांसाठी केलेल्या आहेत : मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन. भाषेवर नाही. मुंबईत गुजराती भाषिक अल्पसंख्याकांची कॉलेजं आहेत आणि त्यांत त्यांचा कोटा आहे. इथे सरकारी विद्यापीठात आपला तसा कोटा नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, वेळ वाचावा म्हणून सांगते.

पैसे मंजूर होऊन खात्यात न येण्याचं नेहमीचं कारण आधार सीडिंग, म्हणजे कोणत्या बँक खात्याला आधार जोडलंय ते. मुलं बडोद्यात नवं खातं उघडतात, नव्या बँकेत आधार जोडतात आणि शिष्यवृत्ती तिकडे जाते. जुन्या पासबुकात शोधत बसतात. शेवटी ज्या बँकेला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडलं, पैसे तिथे, हे लक्षात ठेवा.

काही बिनसलं तर कोणतं दार

इथे सगळे "डीन सरांना भेटू" म्हणतात. भेटा. पण कागद द्या. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. अर्जाच्या दोन प्रती, एक ऑफिसात, दुसरी ओसी, म्हणजे आपल्याकडे ठेवायची प्रत, तिच्यावर इनवर्ड नंबर, तारीख आणि शिक्का. क्लार्क म्हणेल "गरज नाही". तरी घ्या. शिक्का मिळेना तर तोच मजकूर ईमेलने पाठवा, दुसऱ्या दिवशी शिक्का मिळतो.

रॅगिंग. अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे दर वर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांनी ऑनलाइन हमीपत्र भरायचं असतं. पालक ते वाचत नाहीत. २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत रंग, धर्म, जात, लिंग, लैंगिक कल, दिसणं, राष्ट्रीयत्व, प्रांत, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ आलेला आहे. म्हणजे हॉलमध्ये कुणाला त्याच्या बोलीवरून रोज टोचत राहणं हेही त्यात येऊ शकतं. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास, नाव गुप्त ठेवता येतं.

जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून, अपंगत्वावरून भेदभाव झाला, म्हणजे प्रॅक्टिकलचे गुण दाबले, वर्गात जातीचा उल्लेख करून बोललं, हॉलमध्ये वेगळं बसवलं, तर आयोगाच्या २०१२ च्या समानता नियमांप्रमाणे समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवेत. अर्ज तिथे. कधी, कुठे, कुणासमोर, नेमके शब्द कोणते, हे त्याच रात्री लिहून ठेवा. राग ओसरला की शब्द विसरतात आणि "त्यांचा तसा हेतू नव्हता" हे वाक्य जिंकतं. गंभीर प्रकरणात अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यासाठी पोलीस ठाणं. विद्यापीठाने परवानगी द्यायची वाट बघायची नसते.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. बाकी सगळं, म्हणजे निकाल, फी परत, शिष्यवृत्तीचा अडवलेला फॉर्म, विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं.

माझा अनुभव सांगते. या समित्यांवर बसलेले प्राध्यापक बहुधा वाईट नसतात, दमलेले असतात. तीन तास, दोन समित्या, एक नॅकच्या मानांकनाची फाईल. त्यांना लांबलचक हृदयद्रावक पत्र नको असतं. एक पान, तारखा, आणि शेवटी "मला हे हवं आहे" अशी एक ओळ. ती ओळ नसलेल्या अर्जाचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

आणि रात्री दोन वाजता नुसतंच बोलायचं असेल, अर्ज वगैरे काही नको असेल, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, हिंदीत, गुजरातीत बोलतात. मुलींसाठी गुजरातची अभयम हेल्पलाइन १८१.

आपणच काही सुरू करायचं असेल तर

विद्यापीठातली 'विविधता' म्हणजे बरेचदा पारंपरिक वेशभूषा दिन. मुली नऊवारी नेसतात, मणिपुरी मुलगी फनेक नेसते, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पुन्हा प्रत्येकाचं टेबल वेगळं. मला त्या दिवसाचा राग नाही, पण मेसची कमिटी त्याहून महत्त्वाची वाटते. तिथे निवडून या. रोज्यात पहाटेचं जेवण, जैन मुलांसाठी कंदमुळाविना भाजी, गोड डाळीला कंटाळलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा तिखट आमटी, आणि नोटीस इंग्रजीतही लावायची. या चार गोष्टींसाठी एका कार्यक्रमाच्या फलकाइतकाही खर्च येत नाही.

गट काढायचा असेल तर क्रम असा. आधी सहा-सात मुलं, त्यांत निदान चार भाषा. मग एक शिक्षक प्रभारी म्हणून, पण ज्याच्याकडे आधीच पाच जबाबदाऱ्या आहेत तो नको. मग एक पानी प्रस्ताव : काय, कधी, कुठला वर्ग, खर्च किती. पहिल्या वर्षी खर्च शून्य लिहा, परवानगी लवकर मिळते. 'एक भारत श्रेष्ठ भारत' या केंद्राच्या उपक्रमात गुजरातची जोडी छत्तीसगडशी आहे. त्या नावाखाली भाषा आणि खाण्याचे कार्यक्रम बसवता येतात, पैसेही निघू शकतात. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. मुलं खरी मिसळतात ती त्या शिबिरात, कारण तिथे सगळ्यांनाच भांडी घासावी लागतात.

चालतं ते छोटं असतं. बुधवारी अर्धा तास, एकाने दुसऱ्याला आपल्या भाषेतली दहा वाक्यं शिकवायची : रिक्षावाल्याशी, मेसवाल्याशी, आजारी असताना डॉक्टरशी. कार्यक्रमपत्रिका नको, पाहुणा नको. सेव उसळ खायला एकत्र जाणं हा त्याचा दुसरा भाग. बडोद्याची सेव उसळ कोल्हापूरच्या मिसळीची बहीण की सावत्र बहीण, यावर तिथे आपोआप वाद होतो आणि त्या वादात केरळचा मुलगाही मत देतो. नवरात्रात ललित कला शाखेच्या गरब्याला जा. टाळी कुठे द्यायची ते पहिल्या रात्री चुकतं, तिसऱ्या रात्री जमतं.

दिवाळीची सुट्टी लागली की मेस बंद होते. गुजराती मुलं घरी, खानदेशची मुलं सुरतमार्गे नंदुरबारला. उरतात ती परदेशी मुलं आणि ज्यांचं घर तीन दिवसांच्या प्रवासावर आहे ती. हॉल रिकामा, आजूबाजूची हॉटेलंही लाभपांचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बंद. तेव्हा तुम्ही उरणाऱ्यांपैकी असाल तर महिनाभर आधी वॉर्डनला लेखी विचारा की हॉल उघडा राहील का आणि जेवणाची सोय काय. तुम्ही जाणाऱ्यांपैकी असाल तर निघण्याआधी शेजारच्या खोलीत विचारा. आणि दांडिया बाजारात, रावपुऱ्यात राहणारे असाल तर भाऊबीजेला एक पान जास्त वाढा. मागच्या वर्षी आमच्याकडे इथिओपियाचा एक मुलगा होता. अनारसे त्याला आवडले नाहीत, पण चकलीचा डबा तो सोबत घेऊन गेला आणि डबा अजून परत आलेला नाही.